विश्लेषण : पक्षाघातानंतर रोबोच्या मदतीने पुन्हा चालता येते का?

पक्षाघाताच्या रुग्णाचा जीव वाचला, की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पुन्हा चालता येईल ना? मोठ्या रुग्णालयांत आता चालण्याचा सराव करून घेणारे रोबो आले आहेत. हे उपचार महाग आहेत. त्यामुळे ते कोणाला आणि कधी उपयोगी पडतात, हे आधी समजून घ्यायला हवे.

चालणे का बिघडते?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबला किंवा तेथे रक्तस्राव झाला, की तेथील पेशी मरतात. मग शरीराच्या विरुद्ध बाजूचा पाय जड होतो, गुडघा नीट वाकत नाही, पावलाचा पुढचा भाग लोंबून जमिनीला घासतो. रुग्ण कंबर उचलून तो पाय बाहेरून गोल फिरवत पुढे टाकतो. मूळ दुखापत पायाला नसते. मेंदूचा संदेश पायापर्यंत पोहोचत नाही. मेंदूचा उरलेला भाग हे काम काही प्रमाणात नव्याने शिकू शकतो. त्यासाठी तीच हालचाल असंख्य वेळा करावी लागते आणि नेमका तोच सराव कमी पडतो. अमेरिका व कॅनडातील फिजिओथेरपी सत्रांच्या २००९ मधील पाहणीत रुग्ण एका सत्रात सरासरी ३५७ पावलेच चालत असल्याचे आढळले.

ही यंत्रे काय करतात?

स्वित्झर्लंडमधील होकोमा कंपनीच्या ‘लोकोमॅट’मध्ये रुग्णाला पट्ट्यांनी वरून तोलून ट्रेडमिलवर उभे करतात. खुबा आणि गुडघ्याजवळच्या मोटारी त्याचे पाय चालवतात. एरवी यासाठी दोन-तीन कर्मचाऱ्यांना वाकून रुग्णाचे पाय उचलावे लागतात. यंत्र न थकता अर्ध्या तासात हजारभर पावले टाकून घेऊ शकते. केरळच्या जेनरोबोटिक्सने, म्हणजे मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ रोबो बनवणाऱ्या कंपनीने, याच कामासाठी ‘जी-गेटर’ हे यंत्र तयार केले आहे.

दुसरा प्रकार अंगावर घालायचा. ‘एक्सो’सारखा बाह्य सांगाडा घालून रुग्ण साध्या जमिनीवर चालतो; पक्षाघातानंतरच्या वापरासाठी त्याला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. २०१९ मध्ये मंजूर झालेला ‘रीस्टोर’ कापडी आहे. कमरेच्या मोटारीला जोडलेल्या तारा पाऊल योग्य क्षणी ओढतात. याहून साधे साधन म्हणजे गुडघ्याखाली बांधायचा पट्टा. तो चेतातंतूला विजेचा सौम्य झटका देऊन लोंबणारे पाऊल उचलतो.

अभ्यास काय सांगतात?

कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये ६२ चाचण्यांमधील २,४४० रुग्णांची माहिती एकत्र तपासली. फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र वापरलेल्या रुग्णांना आधाराशिवाय चालता येण्याची शक्यता जास्त होती. सर्वाधिक फायदा झाला तो पहिल्या तीन महिन्यांत आणि अजिबात चालता न येणाऱ्यांना. चालण्याच्या वेगात मात्र थोडीच वाढ दिसली.

जे थोडेफार चालू शकतात, त्यांचे चित्र वेगळे आहे. २००८ आणि २००९ मधील दोन अमेरिकी चाचण्यांत अशा रुग्णांचा वेग लोकोमॅटपेक्षा फिजिओथेरपिस्टच्या सरावाने जास्त वाढला. याचे एक कारण असे दिले जाते, की यंत्रच पाय उचलू लागले तर रुग्णाचे स्वतःचे प्रयत्न कमी होतात. नवी यंत्रे म्हणूनच गरजेपुरतीच मदत देण्याचा प्रयत्न करतात.

घरीच व्यायाम केला तर?

अमेरिकेत २०११ मध्ये ४०८ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात रोबो नव्हता. वजन तोलून ट्रेडमिलवर चालवण्याची तुलना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेल्या व्यायामाशी होती. वर्षभरानंतर दोन्ही गटांत सारखीच सुधारणा होती. भारतातील १४ रुग्णालयांमध्ये १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) घरच्यांनाच व्यायामाचे प्रशिक्षण दिले गेले. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे यंत्र नसले तरी चालू शकते. जाणकार फिजिओथेरपिस्टची जागा मात्र सहज भरून निघत नाही.

निर्णय कसा घ्यावा?

पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. रुग्ण पहिल्या तीन महिन्यांत आहे का, आणि त्याला चालता येते का? यंत्राबरोबर नेहमीची फिजिओथेरपी सुरू राहणार का? प्रगती कशी मोजणार?

मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे. रुग्ण चालू लागला असेल तर कोणीतरी सोबत राहून १० मीटर अंतराला लागणारा वेळ मोजावा. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वावर बहुधा घरापुरता राहतो. साडेबारा सेकंदांच्या आत आले तर बाहेर मोकळेपणी फिरता येण्याची शक्यता वाढते. दर पंधरा दिवसांनी हा आकडा लिहून ठेवावा आणि तो सुधारत नसेल तर डॉक्टरांशी उपचार बदलण्याविषयी बोलावे.