मुक्या जिवाची जखम

पावसाळ्यात पाळीव कुत्रा मांडीचा किंवा पंजाचा एकच भाग पुन्हा पुन्हा चाटू लागला, की घरातील वडीलधारी मंडळी निर्धास्तपणे म्हणतात, "त्याच्या जिभेतच औषध आहे, चाटून आपोआप बरे होईल." या समजुतीत सत्याचा अंश मुळीच नाही, असे नव्हे. लाळेत काही जंतूंना रोखणारे घटक असतात. परंतु त्याच लाळेत तोंडातील असंख्य जंतूही असतात. सतत चाटल्याने त्वचा ओली राहते, सोलली जाते, खाज वाढते आणि प्राणी अधिकच चाटू लागतो. सकाळी रुपयाएवढा दिसणारा लाल चट्टा संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा होऊ शकतो.

कुत्र्याच्या त्वचेचा बाहेरचा थर पेशींच्या केवळ ३ ते ५ पदरांचा असतो. माणसात हे पदर साधारण १० ते १५ असतात. म्हणूनच लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा दाट केसांच्या जातींना अंगात मुरलेली ओल फार बाधते.

जखम लहान असेल तर प्रथमोपचार घरी करता येतो. वेदनेने मायाळू कुत्राही चावू शकतो, म्हणून एकाने त्याला प्रेमाने धरावे. दुसऱ्याने जखमेभोवतीचे केस जपून कापावेत, म्हणजे तेथे हवा लागेल. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून त्या पाण्याने जखम धुवावी. फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीनही चालते. नंतर स्वच्छ कापडाने हलकेच टिपून जागा कोरडी करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाटणे थांबवावे. त्यासाठी गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी.

हळद-तेलाचा जाड लेप ओल कोंडून धरतो. झिंक ऑक्साइड असलेले मलम आणि टी-ट्री तेल चाटण्यातून पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते. आयबुप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके तर कधीही देऊ नयेत. जखमेत अळ्या दिसल्यास टर्पेंटाइन किंवा फिनाईल ओतण्याची चूक करू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे. जखमेला पू वा दुर्गंधी येत असेल, ती पसरत असेल, दोन दिवसांत सुकत नसेल किंवा प्राणी अन्न सोडून मलूल बसला असेल, तरीही विलंब नको. केस गळून गोल चट्टे पडले असतील तर ती बुरशी असू शकते. ती माणसांनाही लागते, म्हणून हात साबणाने धुवावेत.

जखम भरली तरी तिचे कारण शोधावे लागते. शेपटीच्या मुळाशी जखम असेल तर पिसवांचा संशय घ्यावा. कानाखाली असेल तर कान दुखत असण्याचा संभव असतो. पिसवा-गोचीड झाल्यावर काय करावे, हा प्रश्न जीवदयेचा संस्कार असलेल्या घराला अवघड वाटतो. म्हणून त्या होऊच नयेत यासाठी रोज केस विंचरावेत, अंथरूण धुऊन उन्हात वाळवावे आणि प्रतिबंधक औषधाबाबत पशुवैद्यकांचा सल्ला वेळीच घ्यावा. फिरून आल्यावर पंजे व पोट कोरडे करताना केसांतून बोटे फिरवली, तर जे दुखणे तो बोलून सांगू शकत नाही, ते लहान असतानाच हाताला कळते.