जोडचित्रांचा आकार का बिघडतो?

वर्डमधील दस्तऐवजात चित्र मुख्यतः दोन रीतींनी येते: एक तर त्याची संपूर्ण प्रत दस्तऐवजातच साठवली जाते, नाही तर केवळ मूळ फाइलच्या ठावठिकाण्याची नोंद ठेवून ते बाहेरून जोडले जाते; आणि ज्यांच्या अहवालातील आलेख वरचेवर बदलतात त्यांना दुसरी रीत अत्यंत सोयीची असली, तरी आकारासंबंधीच्या पुष्कळशा तक्रारी तिच्यातूनच उद्भवतात.

याचे मूळ कारण असे की, चित्राची इंचांतील रुंदी स्वयंसिद्ध नसून, त्यातील पिक्सेलांची संख्या आणि फाइलमध्ये नोंदलेले पिक्सेलांचे दर इंची प्रमाण (डीपीआय) यांवरून ती ठरते. १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र ३०० डीपीआय या प्रमाणाने ४ इंच भरते, तर ९६ डीपीआयने १२.५ इंच, म्हणजे उभ्या ए-४ कागदाच्या कक्षेबाहेर. यास्तव त्याच नावाची नवी फाइल ठेवताना हे दोन्ही आकडे पूर्ववत राखणे, हाच माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय होय.

दुवा इन्क्लूडपिक्चर या फील्डच्या रूपाने असेल, तर ते ताजे करण्यासाठी एफ९ दाबताच आपण हाताने दिलेला आकार नाहीसा होण्याचा संभव असतो. अशा वेळी आल्ट व एफ९ एकत्र दाबून फील्डचा मजकूर उघडावा आणि त्याच्या अखेरीस उलटी तिरपी रेघ, तारका व मर्जफॉरमॅट हा निर्देश लिहावा, म्हणजे पूर्वीचे परिमाण कायम राहते. चित्राची केवळ अरुंद पट्टी दिसत असेल, तर दुव्याची झडती न घेता ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ऐवजी ‘सिंगल’ करावे.

दस्तऐवज अन्यत्र धाडताना मूळ चित्रेही अवश्य सोबत द्यावीत.