बेसबॉलमधील नवोदित खेळाडूंची निवड व करारावरील सहीची अंतिम मुदत : एक विवेचन

प्रस्तावना :

करार म्हणजे दोन पक्षांची स्वेच्छेने दिलेली संमती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ मध्येही वेळ हा कराराचा गाभा आहे किंवा नाही, हे उभय पक्षांच्या हेतूवरून ठरविले जाते. परंतु करार करण्याची मुदतच एका पक्षाच्या बाजूने ठरत असेल आणि दुसऱ्या पक्षाला ती ठरविताना स्थान नसेल, तर त्या संमतीचे स्वरूप काय राहते ? अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये नव्याने निवडलेल्या खेळाडूंच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे. प्रस्तुत लेखात १९९६, २००८ व २०१४ या वर्षांतील तीन वादांच्या आधारे या मुदतीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ड्राफ्ट पद्धतीचे स्वरूप :

मेजर लीग बेसबॉलमध्ये नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजेच ‘ड्राफ्ट’, १९६५ पासून होत आहे. ठरलेल्या क्रमाने प्रत्येक संघ एकेका खेळाडूची निवड करतो. निवड झालेल्या खेळाडूस त्यानंतर केवळ त्याच संघाशी करार करता येतो. आपल्याकडील इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात एका खेळाडूसाठी अनेक संघ बोली लावतात, त्यामुळे त्याची किंमत स्पर्धेतून ठरते. ड्राफ्टमध्ये मात्र खरेदीदार एकच असतो. हा या दोन पद्धतींतील मूलभूत फरक होय.

निवडला जाणारा खेळाडू बहुधा शालेय शिक्षण संपविलेला अठरा वर्षांचा युवक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो. सही करताना त्याला एकरकमी बोनस मिळतो. दुय्यम लीगमधील अनेक वर्षांच्या तुटपुंज्या उत्पन्नाचा विचार करता कित्येकांच्या बाबतीत हीच त्यांच्या क्रीडाजीवनातील सर्वांत मोठी रक्कम ठरते. रक्कम मान्य नसल्यास त्याच्या हाती नकार हे एकच साधन असते. नकार देऊन तो महाविद्यालयात जातो किंवा तेथे परततो आणि पुढील एखाद्या ड्राफ्टची वाट पाहतो.

या व्यवस्थेस कायद्याचेही पाठबळ आहे. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. १९९८ च्या कर्ट फ्लड कायद्याने मेजर लीगमधील खेळाडूंना त्या कायद्याचा आधार दिला; तथापि नवोदितांचा ड्राफ्ट व दुय्यम लीग त्यातून वगळण्यात आले. ड्राफ्टविषयीच्या अनेक तरतुदी संघमालक व खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक करारात ठरतात. निवडलेला युवक सही करेपर्यंत त्या संघटनेचा सदस्य नसतो. ज्या वाटाघाटीत त्याला प्रत्यक्ष प्रतिनिधित्व नाही, तिचा निर्णय त्याच्यावर बंधनकारक होतो.

१९९६ : संघांनी पाळावयाची मुदत

मुदत ही केवळ खेळाडूसाठी नसते, हे १९९६ मध्ये दिसून आले. निवडीनंतर पंधरा दिवसांच्या आत संघाने खेळाडूस विहित पद्धतीने कराराचा प्रस्ताव दिला पाहिजे, असा नियम होता. अनेक संघ ही बाब औपचारिक समजून तिच्याकडे दुर्लक्ष करीत. एजंट स्कॉट बोरास यांनी या त्रुटीवर बोट ठेवले. परिणामी ट्रॅव्हिस ली, मॅट व्हाइट, जॉन पॅटरसन व बॉबी सी हे चार खेळाडू निवड करणाऱ्या संघांच्या बंधनातून मुक्त झाले.

यानंतर जे घडले ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकासही उद्बोधक आहे. खुल्या बाजारात ली यास १ कोटी डॉलर, तर व्हाइट यास १ कोटी २ लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये निवडलेल्या अन्य खेळाडूंना मिळालेल्या बोनसपेक्षा या रकमा कित्येक पटींनी अधिक होत्या. एकच खरेदीदार असल्यामुळे खेळाडूची किंमत किती दाबली जाते, याचे मोजमाप या घटनेने जणू प्रयोगाद्वारे उपलब्ध करून दिले.

२००८ : घड्याळ कोणाचे ?

२००७ पूर्वी सर्वांसाठी एकच अंतिम तारीख नव्हती. त्या वर्षापासून १५ ऑगस्ट ही समान मुदत लागू झाली. वाटाघाटी लांबू नयेत, हा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात मोठ्या रकमांचे करार अखेरच्या रात्रीपर्यंत लांबणीवर पडू लागले. कारण आधी झुकणाऱ्या पक्षाचे नुकसान होत असे.

२००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दुसऱ्या क्रमांकावर पेड्रो अल्वारेझ याची निवड केली होती. मुदतीच्या मध्यरात्री ६० लाख डॉलर बोनसवर सहमती झाल्याचे संघाने जाहीर केले. परंतु आयुक्तांच्या कार्यालयाने मध्यरात्रीनंतर परस्पर वेळ वाढवून दिली आणि त्यास आपली संमती नव्हती, अशी तक्रार खेळाडू संघटनेने दाखल केली. तिसऱ्या क्रमांकाच्या एरिक हॉस्मर याचा कॅन्सास सिटी रॉयल्सशी झालेला करारही या वादात सापडला. वास्तविक त्याने सही करून दुय्यम लीगमध्ये खेळण्यास प्रारंभ केला होता. त्याला मैदानाबाहेर बसावे लागले.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. रक्कम ठरली असताना काही मिनिटांच्या विलंबाचे भांडवल करणे अनुचित होय, असे संघाचे म्हणणे होते. दोघांनी मिळून ठरविलेली मुदत एका पक्षास एकतर्फी बदलता येत असेल, तर ती मुदतच राहत नाही, हा संघटनेच्या तक्रारीचा गाभा होता. लवाद श्याम दास यांच्यापुढे सप्टेंबरमध्ये सुनावणी सुरू झाली. परंतु निर्णयापूर्वीच तडजोड झाली. अल्वारेझ यास ६३ लाख ५५ हजार डॉलरचा चार वर्षांचा मेजर लीग करार मिळाला. हॉस्मर याचा करार कायम राहिला. घड्याळ थांबविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर मात्र लवादाचा निर्णय झालाच नाही.

२०१४ : एकाच्या मुदतीत दुसऱ्याचे नुकसान

२०१२ पासून लागू झालेल्या सामूहिक कराराने मुदत जुलैच्या मध्यावर आणली. तसेच पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक निवडक्रमांकास एक रक्कम नेमून देऊन त्यांच्या बेरजेइतकी मर्यादा संघावर घातली. ही मर्यादा पाच टक्क्यांहून अधिक ओलांडल्यास पुढील ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचा हक्क जातो. एखाद्या खेळाडूने सही केली नाही, तर त्याच्या क्रमांकाची रक्कम मर्यादेतून वजा होते.

या नियमाचा परिणाम ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाच्या प्रकरणात स्पष्ट झाला. पहिल्या क्रमांकाचा पिचर ब्रॅडी एकेन याच्याशी ६५ लाख डॉलरवर सहमती झाली होती. त्याच्या क्रमांकास नेमलेली रक्कम सुमारे ७९ लाख होती. यातून वाचणाऱ्या पैशातून पाचव्या फेरीतील जेकब निक्स यास १५ लाख डॉलर देण्याचे ठरले. वैद्यकीय तपासणीत एकेनच्या कोपरातील अस्थिबंधाविषयी शंका आल्याने संघाने प्रस्ताव सुमारे निम्म्यावर आणला. अखेरच्या मिनिटांत तो ५० लाखांपर्यंत वाढविल्याचे वृत्त होते. १८ जुलैची मुदत सहीविना उलटली.

एकेनची रक्कम वजा होताच निक्सचा करार संघास परवडणारा राहिला नाही. निक्सच्या प्रकृतीविषयी कोणतीही तक्रार नसताना त्याला दिलेला शब्द मोडला गेला. त्याच्या वतीने तक्रार दाखल झाली व पुढे तडजोड झाली. एकेनच्या कोपरावर मार्च २०१५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे संघाची शंका निराधार नव्हती. त्या वर्षी क्लीव्हलँडने त्याची सतराव्या क्रमांकावर निवड केली. ह्यूस्टन संघास मात्र भरपाईदाखल २०१५ चा दुसरा क्रमांक मिळाला व त्यावर त्यांनी ॲलेक्स ब्रेगमन याची निवड केली. मुदत उलटल्याने संघाचे नुकसान भरून निघते. खेळाडूसाठी अशी तरतूद नाही, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

अलीकडील बदल :

२०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने कुमार रॉकर याच्याशी ६० लाख डॉलरवर सहमती होऊनही वैद्यकीय तपासणीनंतर करार केला नाही. त्या संघासही पुढील वर्षी अकरावा क्रमांक भरपाई म्हणून मिळाला. रॉकर यास २०२२ मध्ये टेक्सासने तिसऱ्या क्रमांकावर निवडले. २०२२ च्या सामूहिक करारात ड्राफ्टपूर्वी वैद्यकीय तपासणीस सामोरे जाणाऱ्या प्रमुख खेळाडूंना नेमलेल्या रकमेच्या किमान ७५ टक्के प्रस्तावाची हमी देण्यात आली. त्याच वर्षी दुय्यम लीगमधील खेळाडूही संघटनेत समाविष्ट झाले. सही न केलेला युवक मात्र अद्यापही संघटनेबाहेरच आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, अंतिम मुदत वरकरणी उभय पक्षांना सारखीच लागू असली, तरी तिचा भार सारखा नसतो. संघाचे जाते ते एक निवड व तीही बहुधा परत मिळते. खेळाडूचे उमेदीचे एक वर्ष जाते आणि त्या वर्षात दुखापत झाली तर सर्वस्वच पणास लागते. दोन, मुदतीचे सामर्थ्य तारखेत नसून ती बदलण्याच्या अधिकारात असते. तीन, एका खेळाडूचा करार दुसऱ्याच्या करारावर अवलंबून ठेवणारे नियम निर्दोष व्यक्तीवरही अन्याय करू शकतात.

मुदत असूच नये, असा याचा अर्थ नव्हे. मुदतीशिवाय वाटाघाटी संपणार नाहीत. तथापि ज्यांच्या आयुष्याचा निर्णय त्या मुदतीत व्हावयाचा आहे, त्यांना ती ठरविताना स्थान मिळणे न्यायाचे ठरेल. तोपर्यंत ड्राफ्टमधील सहीस संमती म्हणताना अभ्यासकांनी सावध असणे आवश्यक आहे.