ताप उलटतो, तशी सवयही उलटते

बरे होत आलेले दुखणे पुन्हा परतले, की त्यासाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : उलटणे. ‘लेकराचा टायफॉईड उलटला’ असे एखादी आई सांगते, तेव्हा ती लेकराला दोष देत नाही. दुखणे उलटले, त्याने उचल खाल्ली, पुन्हा डोके वर काढले, बळावले, जखम चिघळली. या सर्व वाक्यांत कर्ता आहे तो आजार. माणूस त्याच्या तावडीत सापडलेला.

आता दुसरी यादी पाहा. सोडलेली दारू किंवा तंबाखू पुन्हा सुरू झाली की आपण काय म्हणतो? ‘ये रे माझ्या मागल्या’, ‘पहिले पाढे पंचावन्न’, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’. आणि राग अनावर झाला की कुत्र्याचे वाकडे शेपूट! येथे आजार नाहीसा होतो आणि गुन्हेगार तेवढा उरतो. लातूर-नांदेड भागात रुग्ण तपासताना या दोन्ही याद्या मी नेहमी ऐकतो. ताप उलटलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. व्यसन उलटलेला रुग्ण मात्र महिनोन्महिने तोंड लपवतो. हा विलंब बराचसा आपल्या बोलण्यामुळे होतो आणि तो महागात पडतो.

दुखणे उलटते का, हे आधी समजून घेऊ. टायफॉईडचा ताप उतरल्यावरही काही जंतू शरीरात तग धरून राहतात आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप पुन्हा चढू शकतो. हिवतापाच्या ‘व्हायव्हॅक्स’ प्रकारात जंतू यकृतात झोपून राहतात व काही महिन्यांनी जागे होतात. म्हणून या तापात रक्त तपासून डॉक्टर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. (गरोदर स्त्रियांना ही गोळी देत नाहीत.) तीन दिवसांत अंग हलके झाले म्हणून गोळ्या सोडल्या, तर ताप उलटण्याची वाट आपणच मोकळी केली म्हणायची.

क्षयरोगाचे तर विचारूच नका. साध्या क्षयावरील उपचार ६ महिन्यांचा असतो. पहिल्या दोन महिन्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते. रुग्णाला वाटते, झालो बरा! ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला कामाला जायचे असते. गोळ्या मागे राहतात. शिल्लक राहिलेले चिवट जंतू मग वाढतात आणि कधी कधी औषधाला दाद देईनासे होतात. असा रुग्ण परत आला की घरचे म्हणतात, ‘सांगून ऐकत नाही, भोगा आता!’ हे ऐकायला लागू नये म्हणून तो यायचेच टाळतो. तोवर घरातल्या लहानग्यांना लागण होऊन बसते.

व्यसनाचेही असेच आहे. तंबाखूतील निकोटीनची मेंदूला सवय लागते. तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड होते. हा त्रास साधारण पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतो. बहुतेकांचा पाय घसरतो तो याच काळात. पुढेही धोका असतो : जेवणानंतरची वेळ, टपरीवरची बैठक, लग्नाची वरात, माळेगावची किंवा सिद्धेश्वराची यात्रा, बुडालेले पीक, घरातले भांडण. जुनी जागा, जुनी संगत समोर आली की मेंदूला जुनी आठवण होते. कायमचे सुटण्याआधी माणसाला अनेकदा प्रयत्न करावे लागतात. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील सुमारे चारपैकी एक प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होता. एवढी सगळी माणसे केवळ हट्टी आहेत, असे म्हणून कसे चालेल?

मनाची दुखणीही उलटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी परिसरात भूकंप झाला. अशा आपत्तीतून वाचलेल्यांची भीती त्या तारखेच्या आसपास, किंवा जमिनीतून साधा गुडगुड आवाज आला तरी, पुन्हा उसळू शकते. ‘एवढी वर्षे झाली, अजून तेच?’ असे विचारणे म्हणजे दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे होय.

कोणी म्हणेल, डॉक्टर, मग माणसाची काहीच जबाबदारी नाही का? आहे ना! मधुमेही माणसाने यात्रेत पोटभर जिलेबी खाल्ली तर साखर वाढणारच. पथ्य त्यालाच पाळायचे आहे. पण साखर वाढली म्हणून आपण त्याचे औषध बंद करत नाही. उलट तपासून मात्रा बदलतो. व्यसन उलटले तरी हाच न्याय लावावा.

ज्याचा पाय घसरला त्याने हे लक्षात ठेवावे. एक घोट किंवा एक बार म्हणजे सारे संपले असे नव्हे. ‘आता मोडलेच आहे तर होऊ दे’ हा विचार त्या घोटापेक्षा घातक. त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाला सांगावे. कोठे, कोणाबरोबर, कशामुळे घसरलो ते कागदावर लिहावे. तलफ आली की पाणी प्यावे, जागा बदलावी. ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. मात्र रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी, स्वतःच्या मनाने तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

मदत दूर नाही. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत; मध्येच सोडलेल्यांनीही न लाजता परत जावे.

घरच्या मंडळींना एकच विनंती. यापुढे घरात कोणाचे जुने व्यसन परतले, तर म्हणी क्षणभर बाजूला ठेवा. ‘दुखणे उलटले आहे, उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ’, एवढेच म्हणा आणि सोबत जा. अर्धे औषध तेथेच लागू पडेल.