राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेले घर

६ डिसेंबरला लाखो बांधव दादरला येतात. चैत्यभूमीचे दर्शन घेऊन रात्रीच्या गाडीने परततात. पुष्कळांचे एक ठिकाण मात्र पाहायचे राहून जाते. ते म्हणजे दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’. माझेही मुंबईत असून राहूनच गेले होते. परवा रविवारी पत्नी व मुलांना घेऊन गेलो.

परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांचे ग्रंथ मावेनासे झाले, म्हणून १९३१ ते १९३३ या काळात त्यांनी ही वास्तू बांधली. बिंबिसार राजाच्या मगधाची राजधानी राजगृह. तिचेच नाव घराला दिले. खाली कुटुंबाचा निवास, वर ग्रंथालय व कचेरी, अशी रचना होती. ग्रंथसंग्रह पुढे ५० हजारांच्या वर गेला. परंतु या घराचे सुख रमाईंना फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. ७ डिसेंबर १९५६ ची महायात्राही याच दारातून निघाली.

तळमजल्यावर बाबासाहेबांची छायाचित्रे व त्यांच्या वापरातील वस्तू पाहताना धाकटी मुलगीसुद्धा हळू आवाजात बोलू लागली. हे नुसते स्मारक नाही, आंबेडकर कुटुंबीयांचे नांदते घर आहे. म्हणून आपण पाहुण्यासारखे जावे, गोंगाट करू नये. ७ जुलै २०२० रोजी याच घराच्या आवारात मोडतोड झाली, काचा फुटल्या. त्या दिवशी आपण सारे हळहळलो. पण ज्या घरासाठी हळहळलो, ते आपल्यापैकी कितीजणांनी आतून पाहिले आहे?

मी हिशेब लिहिणारा कारकून. मला एक गोष्ट विसरता येत नाही. बाबासाहेबांनी ‘चार मिनार’ नावाची दुसरी इमारतही बांधली होती, भाड्याच्या उत्पन्नासाठी. कर्ज फेडायला आणि ग्रंथ घ्यायला पैसा हवा होता, तेव्हा १९४१ मध्ये त्यांनी ती विकली. उत्पन्न देणारी वास्तू गेली, पुस्तकांची राहिली. आपण असा हिशेब कधी मांडतो का?

घरी आल्यावर मी आमची खोली नीट पाहिली. टीव्हीला चांगले टेबल, आणि मुलाची पुस्तके खाटेखाली पिशवीत! पत्नी म्हणाली, “टेबल इकडे सरकवा. टीव्ही भिंतीवर टांगता येईल, पुस्तके टांगता येत नाहीत.” त्याच रात्री टेबल खिडकीजवळ आले. त्याच्यावर आता दहावीची पुस्तके आहेत.

बंधू-भगिनींनो, राजगृह बांधण्याची आपली ऐपत नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीतही एक कोपरा पुस्तकांचा होऊ शकतो. पुढच्या वेळी दादरला याल, तेव्हा मुलांना घेऊन राजगृहाला जा. आणि परतल्यावर तो कोपरा शोधा.

जयभीम!