धुराड्यावांचून नाताळचा मोजा

नाताळच्या आदल्या रात्रीं लहान मुलांनीं आपला पायमोजा टांगून ठेवावा आणि सकाळीं उठून पाहतां तो खाऊनें व खेळण्यांनीं भरलेला असावा, ही इंग्लंड-अमेरिकेंतील चाल गोष्टींच्या पुस्तकांवरून आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्या पुस्तकांतील चित्रांत बहुधा भिंतींत बांधलेली एक मोठी शेकोटी असते. तिच्यावर लांकडी फळी, फळीला ओळीनें अडकविलेले मोजे, आणि वर छपराबाहेर गेलेलें धुराडें. याच धुराड्यांतून सांताक्लॉज उतरतो, असें मुलांस सांगतात. मग ज्या घरांत धुराडेंच नाहीं त्या घरांतील मूल साहजिकच विचारतें, "आपल्याकडे तो येणार कसा?" मोठ्यांस हा प्रश्न हंसण्यासारखा वाटतो; विचारणाऱ्यास तो तसा वाटत नाहीं. न्यूयॉर्क अथवा लंडन येथील उंच इमारतींत दोन खोल्यांत वाढणारें मूल त्या काळजीनें खरोखरच जागें राहतें, आणि त्याचें समाधान करण्याचें काम आईबापांवर येतें. त्यांच्या सोयीची गोष्ट अशी कीं, या चालीच्या मूळ कथेंत धुराडें नव्हतेंच.

चौथ्या शतकांत आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरील मायरा या नगरांत निकोलस नांवाचे बिशप होऊन गेले. हें स्थळ आतां तुर्कस्तानांत असून त्यास देम्रे म्हणतात. निकोलसांविषयीं इतिहास थोडा व आख्यायिका फार. त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका तीन मुलींची आहे. एका गृहस्थास दारिद्र्य आलें. त्याच्या तिन्ही मुली उपवर. हुंड्यापुरतें द्रव्य नाहीं, हुंडा नाहीं म्हणून लग्न नाहीं, आणि पोटासाठीं मुलींवर लाजिरवाणा प्रसंग येण्याची वेळ. (ही अडचण मराठी वाचकांस निराळी समजावून देण्याचें कारण नाहीं.) तें ऐकून निकोलसांनीं रात्रीच्या अंधारांत सोन्याची थैली त्या घराच्या खिडकींतून आंत टाकिली. थोरल्या मुलीचें लग्न झालें. मग दुसरी थैली आली, मग तिसरी. तिसऱ्या वेळीं बाप जागा राहिला व त्यानें धांवत जाऊन दात्यास गांठलें. तेव्हां, मी जिवंत आहें तोंवर हें कोणास सांगूं नको, असें वचन निकोलसांनीं त्याच्याकडून घेतलें.

जुन्या कथनांत सोनें आलें तें खिडकींतून. पुढील काळच्या कथेकऱ्यांनीं खिडकीच्या जागीं धुराडें आणिलें आणि वाळत घातलेल्या मोज्यांत थैली नेमकी पडली असें रंगविलें. भिंतींतील धुराडें युरोपांतील सामान्य घरांत रूढ झालें तेंच मुळीं सोळाव्या-सतराव्या शतकांत. मायरा येथील त्या गरीब घराला तें कोठून असणार! नाताळच्या मोज्याच्या टोकाशीं पुष्कळ आया एक संत्रें घालतात, तें या सोन्याची खूण म्हणून समजलें जातें.

निकोलसांचा सण ६ डिसेंबरचा. हॉलंडांतील मुलें त्या सुमारास मोजा नव्हे तर बूट ठेवितात, आणि संताच्या घोड्यासाठीं त्यांत गाजर अथवा गवत घालतात. पूर्वीं हा बूट चुलाणाजवळ ठेवीत. आतां घरांत गरम पाण्याच्या नळ्या आल्या, तेव्हां तो त्या नळ्यांच्या लोखंडी पेटीपाशीं किंवा दारापाशीं ठेवितात, आणि त्यांत कोणास कांहीं उणें वाटत नाहीं. आइसलंडांतील मुलें तर नाताळपूर्वीं तेरा रात्रीं आपला बूट खिडकींतच मांडतात.

मोजा शेकोटीशीं पक्का जोडला गेला तो अमेरिकेंत. डिसेंबर १८१० मध्यें जॉन पिंटार्ड यांनीं न्यूयॉर्कच्या इतिहास-मंडळासाठीं एक चित्रपत्रक छापविलें. त्यांत संत निकोलसांच्या शेजारीं शेकोटी व तिच्यावर टांगलेले मोजे दाखविले आहेत. पुढें २३ डिसेंबर १८२३ रोजीं ट्रॉय या गांवच्या वर्तमानपत्रांत 'सेंट निकोलसची भेट' ही कविता निनांवी प्रसिद्ध झाली. ती सामान्यतः क्लेमेंट मूर यांची समजतात. ती घरोघर पाठ झाली, आणि धुराडें, मोजे व रात्रीचा पाहुणा हीं तिन्ही एकत्र गुंफलीं गेलीं. थंड देशांत ओले मोजे वाळविण्याची जागाही शेकोटीच असल्यामुळें त्यांत नवल नाहीं.

इंग्लंडांत मात्र पुष्कळ घरीं मोजा मुलाच्या पलंगाच्या पायथ्याशीं टांगतात. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर धूरमिश्रित धुक्याचें संकट कोसळलें व हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळशाच्या शेकोट्या हळूहळू विझल्या आणि कित्येक धुराडीं बुजविलीं गेलीं. मोजा मात्र टिकला, कारण पलंग होताच.

कांहीं हौशी लोक पुठ्ठ्याची खोटी शेकोटी विकत आणून तिला मोजे लावितात. आमच्या मतें ती जागा अडविते, याहून तिचा उपयोग नाहीं. रंगविलेल्या धुराड्यांतून कोण कसें उतरणार, हें मूलही विचारील. जिन्याचा कठडा असल्यास प्रत्येक गजास एक मोजा बांधावा. तो नसल्यास पुस्तकांच्या कपाटाची कड किंवा कोट अडकविण्याच्या खुंट्या चांगल्या. भाड्याच्या घरांत खिळे ठोकण्याची मनाई असते. तेथें खिडकीच्या दोन गजांना दोरी ताणून बांधली कीं काम झालें, आणि मूळ कथेशीं तीच जागा सर्वांत जुळते. आपल्या इकडे, महाबळेश्वरासारख्या थंड ठिकाणचे कांहीं जुने बंगले सोडल्यास, भिंतींतील शेकोटी विरळाच. नाताळांत आपल्याकडे मान चांदणीच्या कंदिलाचा व गोठ्याच्या देखाव्याचा. पण मुलांनीं हौसेनें मोजा मागितलाच, तर खिडकीचा गज व भिंतींतील खुंटी येथेंही आहेतच.

टांगण्याचें नाकें टांचेच्या बाजूस शिवावें, म्हणजे सर्व मोज्यांचीं टोकें एकाच दिशेस राहतात. विणलेला मोजा वजनानें ताणून लांब होतो व नाजूक आंकडा निसटतो. यासाठीं संध्याकाळीं मोजा रिकामा टांगावा, आणि भरल्यावर तो खालीं जमिनीवर किंवा अंथरुणाच्या पायथ्याशीं ठेवावा. मेणबत्ती अथवा विजेची शेगडी यांच्या वर तो कधींही टांगूं नये.

एकाच खोलींत सर्वजण निजतात त्या घरीं भरतांना होणारा कागदाचा आवाज ही मोठी पंचाईत. तेथें कित्येक आया अगदीं सारखे दोन मोजे करून ठेवितात. एक मुलानें स्वतः टांगावयाचा. दुसरा दिवसा भरून, कपाटांत लपवून, मध्यरात्रीं अंधारांत पहिल्याच्या जागीं ठेवावयाचा. भरतांना संत्रें प्रथम टोकाशीं, मग अक्रोड व बदाम, मग पेन्सिली व लहानसहान वस्तू. आणि बाहुली किंवा लांकडी घोडा असला तर त्याचें डोकें मोज्याच्या तोंडांतून बाहेर दिसेल असा वर ठेवावा.