वारणेच्या माळावरील सहकार

कोल्हापूरचा गूळ सर्वदूर प्रसिद्ध आहे. तथापि, गुऱ्हाळावर रात्रंदिवस राबणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती भाव ठरविण्याची सत्ता क्वचितच असे. तो पेठेत ठरे. वारणाकाठच्या ऊसकऱ्यांना या परिस्थितीतून बाहेर काढण्यासाठी विश्वनाथ अण्णा तथा तात्यासाहेब कोरे (१९१४–१९९४) यांनी सहकाराचा मार्ग धरला. पन्हाळा तालुक्यातील कोडोलीनजीकच्या ओसाड माळावर, शेतकऱ्यांच्याच भागभांडवलातून, १९५९ मध्ये साखर कारखाना सुरू झाला. त्याभोवती पुढे वारणानगर वसले.

कारखाना उभारून थांबलेले पुढारी पुष्कळ. तात्यासाहेब थांबले नाहीत. ऊस बारा ते अठरा महिन्यांनी पैसा देतो, आणि तोही जमीन व पाणी असणाऱ्यासच. ज्याच्यापाशी उसाचे रान नाही, त्याने या समृद्धीकडे दुरून पाहावयाचे काय? १९६८ मध्ये स्थापन झालेल्या वारणा दूध संघाचे महत्त्व येथे ध्यानी येते. दारात दोन म्हशी बांधणाऱ्या अल्पभूधारकाच्या घरी, पीक उभे असतानाही, दुधाचा पैसा येऊ लागतो.

महाविद्यालय, ग्राहकांसाठी वारणा बझार, अशा संस्था निघत गेल्या. साखर कारखान्याच्या परिसरात बालवाद्यवृंद कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. परंतु त्यानेच खेड्यातील मुलांना मोठ्या शहरांच्या रंगमंचावर नेले.

तात्यासाहेबांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये, सुमारे ७० गावे संगणकाने जोडणाऱ्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पासाठी वारणा परिसराची निवड झाली. उसाचे वजन व बिल शेतकऱ्यास गावातच पाहता यावे, हा त्याचा एक हेतू. त्यास लागणारे संस्थांचे जाळे तेथे आधीच विणलेले होते.